उरलेलं पेट्रोल जातं कुठं?

किहीमहून नवगावमार्गे थळच्या बंदरावर गेलं, की ओढून ठेवलेल्या होड्यांपैकी एखादीत कुणीतरी इंजिन उघडून बसलेलं असतंच. मे महिन्यात असाच एका मिस्त्रीचं काम बघत उभा होतो. डिझेलचा फिल्टर बदलून झाला होता. त्यानं पंपावरचा बंजो बोल्ट अर्धा फेरा ढिला केला आणि अंगठ्यानं हातपंप दाबायला घेतला. आधी नुसता फेस आला, मग फेसाळ डिझेल, मग सलग धार. बोल्ट आवळला. मदतीचं पोरगं चावीकडं वळलं तसा तो ओरडला, “थांब रे, आधी परतीची बघू दे.” टाकीत जाणारी बारीक नळी त्यानं उपसून स्टीलच्या मगात धरली आणि मग इंजिन चालू करायला सांगितलं. मगात न तुटणारी धार पडायला लागली, तेव्हा कुठं ती नळी पुन्हा टाकीत गेली.

मला त्या मगाचं अप्रूप वाटलं. घरी बांधलेल्या विमानांच्या इंधनव्यवस्थेवर बरेच दिवस वाचन चाललं होतं आणि तिथं सगळ्यात कमी विचार होतो तो नेमका या नळीचा. पंप कुठला, फिल्टर किती मायक्रॉनचा, प्रेशर किती, यावर हौशी बांधणारे रात्र रात्र बोलतात. इंजिनानं न जाळलेलं पेट्रोल परत कुठं न्यायचं, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात आठवतो. मग ती नळी जिथं जागा उरली असेल तिथं जोडली जाते.

घरी विमान बांधतं कोण, असं आपल्याकडं कुणी विचारलं तर एक नाव लगेच पुढं येतं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, उड्डाणाचा परवाना हाती यायला ऑक्टोबर २०१९ उजाडला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली. गच्ची ते धावपट्टी या प्रवासातल्या कागदपत्रांवर आपल्याकडं भरपूर लिहिलं गेलं. अशा विमानाच्या पोटातल्या नळ्यांवर मराठीत जवळपास काहीच नाही.

आणि घात होतो तो नळ्यांमध्ये. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१२ मध्ये हौशी बांधणीच्या विमानांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या खासगी व हौशी विमानांच्या ताफ्यात घरी बांधलेली विमानं जेमतेम दहा टक्के. २०११ सालच्या अपघातांत त्यांचा वाटा मात्र सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के होता. कारणांत इंजिनाची ताकद जाणं हे अगदी वरचं. मंडळाची एक शिफारस अशी, की पहिल्या उड्डाणाआधी इंधनव्यवस्थेची प्रत्यक्ष चाचणी झाल्याची लेखी नोंद मागावी. थळचा मिस्त्री मगानं करतो तेच, फक्त कागदावर.

जुनी विमानं या भानगडीतून सुटलेली होती. टायगर मॉथची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध असते. पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरतं. एक मीटर उंचीचा पेट्रोलचा स्तंभ साधारण एक पीएसआय दाब देतो आणि फ्लोटच्या कार्ब्युरेटरला तेवढं पुरतं. पंप नाही, रेग्युलेटर नाही, परतीची नळी नाही. बिघडायला एक तोटी आणि एक जाळी. आजही वरच्या पंखाचं, साध्या कार्ब्युरेटरचं विमान बांधणाऱ्यानं त्यात हौसेनं इलेक्ट्रिक पंप घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक जोडणी ही गळण्याची एक नवी जागा असते.

पंख खाली गेले की टाकी इंजिनाच्या खाली येते आणि पंप लागतोच. लायकॉमिंगच्या कार्ब्युरेटर इंजिनांना अर्धा ते आठ पीएसआय दाब चालतो. पट्टा एवढा ऐसपैस, की रेग्युलेटरची गरजच पडत नाही. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही जातीची दहा हजारांहून अधिक विमानं घरोघरी बांधून उडाली आहेत. त्यांतली बहुसंख्य अशीच आहेत: दोन टाक्या, टाकी निवडायचा एक सिलेक्टर, एक इलेक्ट्रिक पंप, एक इंजिनावरचा पंप, परतीची नळी नाही. इंजेक्शनच्या लायकॉमिंगला १४ ते ४५ पीएसआय लागतात. तिथंही इंजिन घेईल तेवढंच पेट्रोल पुढं सरकतं. पंपाचा पडदा उरलेला दाब आपल्या स्प्रिंगवर झेलतो.

रोटॅक्स इंजिनांपाशी गोष्ट बदलते. ९१२ मालिकेतल्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला पेट्रोल ०.१५ ते ०.४ बारमध्ये हवं. त्याहून जास्त झालं तर फ्लोटची सुई उचलली जाते आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. या इंजिनाला कारखान्यातूनच परतीची सोय असते, पण तिच्या तोंडाशी ०.३५ मिलिमीटरच्या भोकाचं जेट बसवलेलं असतं. सुईच्या अग्राएवढं ते भोक. त्यातून सतत थोडंसं पेट्रोल टाकीकडं परतत राहतं आणि बॉनेटखाली तापून झालेली वाफ आपल्याबरोबर घेऊन जातं. हे जेट ‘अडतंय’ म्हणून कुणी काढून टाकलं, की दाब पडतो. ‘उगाच परत जातंय’ म्हणून नळीला बूच मारलं, की दुपारच्या उन्हात दहा मिनिटं उभं राहिलेलं इंजिन पुन्हा चालू करताना खोकत बसतं. दोन्ही उद्योग लोकांनी केलेले आहेत.

आपल्याच देशातल्या एका विमानात हा सगळा प्रवास दिसतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचं ‘हंसा’ हे घरी बांधलेलं नसलं, तरी इंजिनं तीच आहेत. हंसा-३ मध्ये टर्बोचं रोटॅक्स ९१४ होतं. टर्बो हवा दाबून भरतो, म्हणून पेट्रोलचा दाबही हवेच्या दाबाहून साधारण पाव बार वर ठेवावा लागतो. हवा चढली की पेट्रोल चढलं पाहिजे, उतरली की उतरलं पाहिजे. म्हणून त्या रेग्युलेटरला हवेच्या डब्याकडून एक बारीक नळी येते आणि उरलेलं पेट्रोल टाकीकडं परततं. सप्टेंबर २०२१ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या हंसा-एनजीत रोटॅक्स ९१२ आयएस आलं: कार्ब्युरेटर गेले, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं, दाब सुमारे तीन बार झाला आणि परतीची नळी बारीक धारेची राहिली नाही. ती आता मुख्य रस्ता झाली.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा रेग्युलेटर दिसायला पेढ्याच्या डबीएवढा. आत रबरी पडदा, वर स्प्रिंग, खाली एक झडप. पंप सतत पूर्ण जोरानं ढकलत असतो. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमध्ये दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला, की पडदा उचलला जातो, झडप उघडते आणि जादाचं पेट्रोल परतीच्या नळीत सुटतं. स्प्रिंगच्या बाजूला इंजिनात शिरणारी, मॅनिफोल्डमधली हवा जोडलेली असते. आयडलला मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब एक तृतीयांशावर येतो, फुल थ्रॉटलला बाहेरच्याइतका होतो. इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक कायम तीन बार राहिला, तरच संगणकानं मोजलेल्या मिलिसेकंदांना अर्थ राहतो. ती हवेची नळी निसटली तर इंजिन चालतं, पण हिशेब चुकतो. पडदा फाटला तर पेट्रोल त्याच नळीतून थेट मॅनिफोल्डमध्ये जातं. म्हणून दर तपासणीला ती नळी काढून वास घ्यावा. कोरडी असली पाहिजे.

रेग्युलेटर कुठं बसवायचा, यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो रेलच्या आधी, पंपाजवळ: नळी कमी लागते, इंजिनाच्या बाजूला परतीचं पेट्रोल खेळवावं लागत नाही. आजच्या मोटारी आणि २०२० नंतरच्या बीएस-६ स्कूटर तसंच करतात. पंप आणि रेग्युलेटर दोन्ही टाकीतच बुडवलेले असतात, इंजिनाकडं एकच नळी जाते. दुसरा पंथ म्हणतो रेलच्या नंतर: म्हणजे थंड पेट्रोल सगळ्या इंजेक्टरांवरून वाहत जातं आणि उष्णता घेऊन परततं. मी दुसऱ्या पंथाचा. मोटारीत पंप टाकीत असतो, तो खालून ढकलतो, ओढत नाही. विमानात बहुतेक वेळा टाकी पंखात असते आणि पंप पायांशी. बंद गल्लीत उभं राहिलेलं पेट्रोल बॉनेटखाली तापतं आणि वाफ होऊन तिथंच कोंडतं. वाहत्या रेलमधून ती वाफ काही सेकंदांत टाकीत जाऊन पडते.

आता मूळ प्रश्न. हे परतलेलं पेट्रोल कुठल्या टाकीत?

एक साधा हिशेब करू. डाव्या-उजव्या पंखांत ५० लिटरच्या दोन भरलेल्या टाक्या. इंजिन ताशी २५ लिटर पितं. मोटारीचा पंप ताशी १०० लिटर ढकलतो, म्हणजे ७५ लिटर परततात. बांधणाऱ्यानं सोय म्हणून परतीची नळी कायमची डाव्या टाकीला जोडली. वैमानिकानं सिलेक्टर उजवीकडं ठेवून उड्डाण केलं. त्याच्या डोक्यातला हिशेब: ५० लिटर, दोन तास. प्रत्यक्षात उजवी टाकी अर्ध्या तासात रिकामी. डावी आधीच काठोकाठ, तेव्हा परतलेलं पेट्रोल टाकीच्या हवेच्या वाटेनं, म्हणजे व्हेंटमधून, बाहेर. इंजिनानं जाळलं साडेबारा लिटर, वाऱ्यावर गेलं साडेसदतीस. मुंबई बंदर ओलांडून मांडव्याकडं येताना तीन हजार फुटांवर इंजिन थांबलं, तर एक फूट उतरताना नऊ फूट पुढं तरंगणारं विमान आठ किलोमीटर जाईल. खाली पाणी. डाव्या टाकीत तेव्हाही ५० लिटर असतील आणि घाबरलेल्या माणसाला सिलेक्टर फिरवायचं सुचेलच असं नाही.

कारखान्यातून येणारी विमानंही यातून सुटलेली नाहीत. सेस्ना ३१० मध्ये जादा टाक्यांवर उडताना उरलेलं पेट्रोल मुख्य टाक्यांत परततं, म्हणून पहिला तासभर मुख्य टाक्यांवरच उडून तिथं जागा करून ठेवावी लागते. तिथं हे निदान माहितीपुस्तकात छापलेलं असतं. घरच्या विमानाचं पुस्तक आपणच लिहायचं असतं आणि ते बहुधा लिहिलं जात नाही.

उपाय तीन. पहिला, दुहेरी सिलेक्टर: एकच मूठ फिरवली की फीड म्हणजे जाणारी आणि रिटर्न म्हणजे परतीची, दोन्ही नळ्या त्याच टाकीकडं वळतात. महाग आहे, पण घ्यावा. दोन वेगळे सिलेक्टर बसवून ‘मी लक्षात ठेवीन’ म्हणणाऱ्यानं पैसे चुकीच्या जागी वाचवले. दुसरा, मध्ये एक छोटी हेडर टाकी: पंखांतलं पेट्रोल तिच्यात उतरतं, पंप तिच्यातून ओढतो, रिटर्न तिच्यातच येतं. वरच्या पंखाच्या विमानात हे छान जमतं. पण टाकी पाच-सहा लिटरची असेल तर तेच पेट्रोल मिनिटाला कितीदा तरी इंजिनाला प्रदक्षिणा घालून येतं आणि तापत जातं. शिवाय तिची वाफ वर मुख्य टाकीत जायला वेगळी वाट हवी. तिसरा उपाय सगळ्यात सोपा: एकच टाकी. आरव्ही-१२ मध्ये आसनांमागं एकच टाकी आहे आणि म्हणून तिथं हा प्रश्नच उद्भवत नाही.

सिलेक्टरच्या जागेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडून गेला. विमान बर्ट रुटान यांच्या आराखड्याचं, दुसऱ्याच कुणी घरी बांधलेलं लाँग-ईझी. आराखड्यात सिलेक्टर वैमानिकाच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याला कॉकपिटमध्ये पेट्रोलची नळी नको होती, म्हणून त्यानं तो डाव्या खांद्यामागं नेला. त्यावर खुणा नव्हत्या, टाकीची पातळी दाखवणाऱ्या काचेवरही नव्हत्या. हात मागं नेण्यासाठी अंग वळवावं लागे आणि अंग वळलं की पाय रडरवर दाबला जाई. बांधणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. आग टाळायची होती त्याला.

रिटर्नच्या नळीच्या बारीकसारीक गोष्टींत बांधणारे फार चुकतात. ती फीडपेक्षा फार बारीक नसावी. ओळखायची खूण अशी: आयडलला इंजिन जवळपास काही पीत नाही, सगळं पेट्रोल परततं, तेव्हा प्रेशर उतरण्याऐवजी चढत असेल आणि थ्रॉटल दिल्यावर जागेवर येत असेल, तर रिटर्न अडतंय. तिच्यावर बंद होईल अशी तोटी कधीच नको. इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या फायरवॉलच्या पुढं तिलाही फीडइतकंच अग्निरोधक आवरण हवं. तीही पेट्रोलचीच नळी आहे. टाकीत ती पेट्रोल उचलणाऱ्या पिकअपपासून लांब सोडावी, नाहीतर आत्ता बाहेर टाकलेले बुडबुडे पंप पुन्हा ओढून घेतो. एका नळीवर लावलेला फ्लोमीटर जाणारं पेट्रोल मोजतो, जळणारं नाही. दोन्ही नळ्यांवर लावून वजाबाकी करावी लागते.

टोकांचा प्रश्न तर आपल्याकडं खास आहे. विमानाच्या ॲल्युमिनियम नळीचं तोंड ३७ अंशांत फाकवतात. अलिबागेत फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडं फ्लेअर करायचं हत्यार हमखास मिळेल, पण ते ४५ अंशांचं असतं. दोन्ही नट आवळले जातात, दोन्ही जमिनीवर गळत नाहीत. इंजिनाची थरथर सुरू झाली की ४५ वाला कडेला चिरतो. आणि आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायची आपली नळकाम करतानाची सवय इथं विसरायची. तिचे तुकडे थेट त्या ०.३५ मिलिमीटरच्या भोकाकडं निघतात.

पेट्रोलच बदललं आहे, ते वेगळंच. आपल्या पेट्रोल पंपांवर आता सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. रोटॅक्सची कार्ब्युरेटर इंजिनं दहा टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. लायकॉमिंग इथेनॉलला परवानगीच देत नाही. इथेनॉल पाणी ओढतं आणि किहीमसारख्या गावी जुलैत कपाटातलं मीठही ओलं होतं. टाकीत पुरेसं पाणी मुरलं, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं आणि पिकअप तळाशीच असतो. फायबरच्या टाकीचं रेझिन, जुन्या रबरी नळ्या, सीलंट, सगळ्यांची त्यात परीक्षा होते. विमानाचं १००-एलएल पेट्रोल इंडियन ऑइलनं सप्टेंबर २०२२ पासून गुजरातच्या रिफायनरीत बनवायला घेतलं. त्याआधी ते बाहेरूनच यायचं. त्याचा बाष्पदाब ४९ किलोपास्कलच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणून ते उन्हात आणि उंचीवर सहजासहजी उकळत नाही. दहा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के उरतो. ओढणाऱ्या पंपाला मदत करणारी हवाच कमी झाली, की गरम पेट्रोल नळीतच वाफ होऊन बसतं. पंप टाकीच्या जवळ आणि खाली ठेवायचा तो म्हणूनच.

व्हेंटबद्दल कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कुंभारमाशीला पेन्सिलएवढं भोक दिसलं की ती मातीनं लिंपते. दाराच्या कुलपात, रेडिओच्या जाळीत, बंद ठेवलेल्या नळात. विमानाच्या टाकीचा व्हेंट तिला आयताच. व्हेंट बुजला की फीडही थांबतो आणि रिटर्नही.

हे सगळं तपासायचं कधी? किहीमच्या झाडांवर लटकलेली सुगरणीची घरटी पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० मध्ये इथंच राहून न्याहाळली. नर अर्धंच घरटं विणतो, मग मादी येऊन ते आतून बघते. पसंत पडलं तरच पुढचं काम होतं. पंखाची कातडी रिव्हेट करून बंद केल्यावर, बॉनेट चढवल्यावर, रंग दिल्यावर नळी बघायला बोलावणारे हौशी लोक पाहिले की मला ती मादी आठवते. तपासणारा माणूस अर्ध्या बांधणीवर बोलवावा, आणि तो आपला मित्र नसावा.

चाचणी सोपी आहे, साहित्य घरचंच लागतं. विमान चढणीच्या कोनात उभं करा, म्हणजे नाक वर, शेपटी खड्ड्यात. टाकीत कमीत कमी पेट्रोल ठेवा. फीडची नळी इंजिनापाशी सोडवून मापाच्या कॅनमध्ये धरा, पंप लावा, घड्याळ बघा. जुन्या अमेरिकी नियमांचा दंडक वापरायला हरकत नाही: टेक-ऑफला इंजिन जेवढं पितं त्याच्या सव्वापट पंपानं, नुसत्या उतारानं येत असेल तर दीडपट. मग फीड जोडून रिटर्न सोडवा आणि तीही कॅनमध्ये धरा. धार आटली का, फेस येतो का, ते पाहा. सिलेक्टर फिरवा आणि पुन्हा मोजा. एकदा सकाळी आणि एकदा मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता. ४३ अंशांचं पेट्रोल वाफेविना वाहिलं पाहिजे, हा दंडकही त्याच नियमांतला.

घरी विमान बांधायला घेतलं असेल, तर आज संध्याकाळी परतीच्या नळीचा रस्ता कागदावर काढा आणि ती नक्की कुठल्या टाकीत, कुठल्या उंचीवर सुटते ते त्यावर लिहा. लिहिता आलं नाही, तर इंजिन अजून मागवू नका.